थंडीची सवय

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही कागद हातात आला की तो आधी मजकूर वाचत नाही, खाली सही कुणाची आहे ते बघतो. व्हाउचर असो, ड्राफ्ट असो, लेजरमधली नोंद असो, कोपऱ्यात कुणाची तरी दोन अक्षरं असतात आणि त्या दोन अक्षरांमागे एक जबाबदार माणूस उभा असतो. निवृत्त झाल्यावर एकदा औषधी वनस्पतींवरचं एक जाडजूड पुस्तक चाळत बसलो होतो. तुळशीच्या पानावर आलो. शास्त्रीय नाव ऑसिमम सॅन्क्टम, आणि त्यापुढे बारीक अक्षरात लिन. पान उलटलं. आंबा, मँजिफेरा इंडिका, पुढे लिन. हळद, मिरी, नारळ, सुपारी, भात, सगळीकडे लिन. आमच्या कोकणातल्या परसापासून भाताच्या खाचरापर्यंत साऱ्या व्हाउचरांवर एकाच अधिकाऱ्याची सही! हा पासिंग ऑफिसर कोण, कुठला, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

तसा तो तुमच्या-माझ्या ओळखीचाच निघाला. कार्ल लिनियस. शाळेत द्विनाम पद्धतीवर प्रश्न यायचा, त्यातला हा. मीही त्याचं उत्तर घोकलं होतं आणि परीक्षा संपताच विसरलो होतो. पण या वयात त्याचं चरित्र वाचताना मला धरून ठेवलं ते त्या नावांच्या यादीनं नाही. तुळशीच्या नावावर सही करणारा हा माणूस राहत होता स्वीडनमधल्या उपसाला गावात, जवळजवळ साठाव्या अक्षांशावर. तिथे डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा. आणि अशा गावात बसून त्यानं आयुष्यातली कितीतरी वर्षं एकाच खटपटीत घालवली: उबदार देशांतली नाजूक रोपं हिवाळ्यातून जिवंत पार कशी न्यायची?

ही खटपट काय असते ते मी एकदा स्वतःच्या घरात पाहिलं होतं. १९९२ साली माझी बदली सिमल्याला झाली. बिऱ्हाडाबरोबर आई आली, आणि आईबरोबर गावच्या वृंदावनातलं तुळशीचं एक रोप आलं, डालड्याच्या डब्यात. त्या डब्याची गोष्ट शेवटी सांगतो. आधी लिनियसची.

त्याचा जन्म १७०७ सालच्या मे महिन्यातला, दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट या खेड्यातला. वडील निल्स हे धर्मोपदेशक. त्यांच्या घराण्याला आडनाव नव्हतं. शिक्षणासाठी बाहेर पडताना आडनाव लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी घराच्या मालकीच्या जमिनीतल्या एका मोठ्या लिंडेन वृक्षावरून लिनियस हे नाव घेतलं. म्हणजे ज्यानं पुढे जगभरच्या झाडांना नावं दिली, त्याचं स्वतःचं नाव एका झाडानं दिलेलं! निल्सना बागेचं वेड होतं. मूल रडायला लागलं की त्याच्या हातात फूल द्यायचे आणि ते गप्प व्हायचं, असं सांगतात.

आईवडिलांची इच्छा एकच, थोरल्यानं वडिलांची गादी चालवावी. पण शाळेत पोराचं लक्ष पुस्तकापेक्षा कुंपणापलीकडे जास्त. शेवटी शिक्षकांनी वडिलांना सांगून टाकलं की याच्या हातून उपदेशकाचं काम होणार नाही, एखाद्या कारागिराच्या हाताखाली घाला. त्या वेळी गावातले डॉक्टर रोटमन मध्ये पडले. मुलाला वैद्यक शिकू द्या, असं त्यांनी सुचवलं. त्या काळी वैद्यक म्हणजे निम्मं वनस्पतिशास्त्रच. आईला ते पचायला फार जड गेलं म्हणतात.

१७२८ साली तो उपसाला विद्यापीठात आला. खिशात पैसे नव्हते. फाटक्या जोड्यांत कागद घालून तो दिवस काढत होता. विद्यापीठाची वनस्पतींची बाग थोरल्या रुडबेकनं १६५५ मध्ये उभी केलेली. पण १७०२ च्या मोठ्या आगीनंतर तिची पार रया गेली होती. त्या उजाड बागेत हा पोरगा फुलं निरखत बसलेला असताना ओलोफ सेल्सियस नावाच्या वयस्क प्राध्यापकानं त्याला हटकलं. झाडांची नावं विचारली, उत्तरं ऐकली, आणि त्याला आपल्या घरी जेवायला-राहायला नेलं. पुढच्याच वर्षी, स्वतः अजून विद्यार्थी असताना, लिनियस त्या बागेत इतरांना शिकवू लागला. १७३२ मध्ये तो एकटा लॅपलंडच्या थंड मुलखात भटकून आला. थंडी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज उरली नाही.

उबेची ओळख मात्र त्याला झाली हॉलंडमध्ये. १७३५ साली डॉक्टरची पदवी घ्यायला तो तिकडे गेला आणि जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या हार्टेकाम्प इथल्या बागेत नोकरीला लागला. क्लिफर्ड डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक. जगभरच्या बंदरांतून त्याच्याकडे रोपं यायची आणि ती जगवायला त्यानं काचेची गरम घरं बांधली होती. त्यात एक केळ होती. आपल्याकडे केळ म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढणारी गोष्ट, पण तिकडे केळ फुलणं हा चमत्कार होता. लिनियसनं विचार केला, ही जिथून आली तिथलं वर्ष कसं असतं? आधी कोरडा काळ, मग धो धो पाऊस. त्यानं केळीचं पाणी काही आठवडे तोडलं आणि मग एकदम भरपूर दिलं. केळ फुलली, तिला फळ धरलं. या एका केळीवर त्यानं १७३६ साली अख्खं पुस्तक लिहिलं.

मला ही हकिगत फार आवडते. कारण यात झाडावर जबरदस्ती नाही. काचेच्या घरात त्यानं झाडासाठी त्याच्या गावचा पाऊस पाडला. पुढे हाच माणूस ही गोष्ट विसरला आणि तिथेच त्याची फसगत झाली.

१७३८ मध्ये तो मायदेशी परतला, स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी केली, १७३९ मध्ये सारा एलिझाबेथशी लग्न केलं आणि १७४१ मध्ये उपसालात प्राध्यापक झाला. ती जुनी उजाड बाग आता त्याच्या ताब्यात आली. राजाचा वास्तुकार कार्ल होर्लेमान यानं आराखडा काढला. रेखीव वाफे, पाणवनस्पतींसाठी तळी, आणि उत्तरेच्या बाजूला, दक्षिणेकडे तोंड करून, नाजूक झाडांचं लांबलचक घर. बागेच्या कोपऱ्यावरच्या घरात लिनियस सहकुटुंब राहायला आला. हार्टेकाम्पचा नीत्सेल नावाचा जर्मन माळीही त्यानं बोलावून घेतला. पुढे बागेत खांबांवरच्या घरकुलांत माकडं आली, एक रॅकूनही आला. हा रॅकून अंडी आणि गोडधोड यांवर जीव टाकायचा आणि लोकांच्या खिशात हात घालायचा.

त्या झाडांच्या घरात वेगवेगळ्या उबेचे भाग होते. एक गरम, एक कोमट आणि एक नुसता थंड, पण बर्फ न होऊ देणारा. ही वाटणी का, ते समजून घेण्यासारखं आहे. थंडी सगळ्या रोपांना एकसारखी मारत नाही. कडाक्याच्या थंडीत पानाच्या आतलं पाणी गोठतं, बर्फानं पेशी फुटतात आणि सकाळी पान उकडल्यासारखं काळं पडतं. पण सब्जा, तुळस यांसारख्या उष्ण मुलखातल्या झाडांना बर्फ व्हायचीही गरज नसते. पारा दहा अंशांच्या आसपास आला की ती मान टाकू लागतात. त्यांना गरम खोली हवी आणि भरपूर उजेड हवा. रोजमेरी, मर्टल, लॉरेल ही भूमध्य समुद्राकाठची मंडळी वेगळी. त्यांना थोडी थंडी चालते, उलट फार उबेत ठेवलं तर अवेळी फुटून कमजोर होतात. त्यांना हवी थंड, उजेडाची, न गोठणारी जागा. आणि दोघांनाही हिवाळ्यात मारणारा छुपा शत्रू एकच: पाणी. उजेड कमी, वाढ थांबलेली, अशा वेळी मायेनं रोज पाणी घातलं की मुळं थंड चिखलात कुजतात. किती रोपं थंडीपेक्षा मालकाच्या मायेनंच दगावत असतील!

पण कोणती खोली किती गरम हे ठरवायचं कसं? इथे एक मजेची गोष्ट आहे. त्याच विद्यापीठात अँडर्स सेल्सियस हा खगोलशास्त्रज्ञ होता, लिनियसला घरी नेणाऱ्या ओलोफचा पुतण्या. त्यानं १७४२ साली शंभर अंशांचा तापमापक मांडला. पण त्यात पाणी उकळतं तिथे शून्य आणि बर्फ होतो तिथे शंभर होते! म्हणजे थंडी वाढेल तसा आकडा मोठा. सेल्सियस १७४४ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. तो उलटा आकडा सुलटा कुणी केला यावर विद्वानांत वाद आहे. दावेदार दोन-तीन आहेत. पण १७४५ साली उपसालाच्या बागेवर जो प्रबंध निघाला, त्यात आजच्यासारखा, बर्फाला शून्य धरणारा तापमापक नोंदलेला आहे. त्यात म्हटलंय की गरम खोलीत नुसत्या उन्हानं पारा तीस अंशांपर्यंत चढतो. दक्ष माळी तो वीस-पंचवीसच्या वर जाऊ देत नाही आणि हिवाळ्यात पंधराच्या खाली उतरू देत नाही. घरात मुलाला ताप आला की आपण जो आकडा वाचतो, त्याचं एक मूळ असं त्या रोपांच्या उशाशी सापडतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण लिनियसला काचेच्या घरात समाधान नव्हतं. आणि त्याचं कारण बँकेच्या माणसाला पटकन कळेल असं आहे. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी १७३१ मध्ये निघाली होती. तिची जहाजं चांदी घेऊन कँटनला जात आणि चहा, चिनी मातीची भांडी, रेशीम घेऊन येत. लिनियसला हे बघवत नसे. एका झुडपाच्या वाळक्या पानांसाठी देशाची चांदी बाहेर वाहून जाते! मग ते झुडूपच इथे का लावू नये? लिनियस स्वतः गरिबीतून आलेला. दुष्काळात त्याच्या देशातली माणसं झाडाची साल दळून भाकरीत घालायची, हे त्यानं पाहिलेलं. चहा, रेशमासाठी तुती, केशर, दालचिनी अशी किती स्वप्नं त्यानं पाहिली. आणि त्या स्वप्नांच्या मुळाशी एक पक्की समजूत होती: झाडाला थंडीची सवय लावता येते. पायरीपायरीनं, थोडं थोडं उत्तरेला सरकवत न्या. आज कुरकुरेल, उद्या रुळेल.

चहा आणण्याची कथा तर एखाद्या विनोदी नाटकासारखी आहे. बिया पाठवल्या, त्या वाटेत कुजल्या. एक रोप जहाजाच्या धांदलीत समुद्रात गेलं. एक उंदरांनी खाल्लं. दोन रोपं सुखरूप पोचली, वाढली, आणि फुलं आल्यावर कळलं की तो चहा नाहीच, कॅमेलिया आहे. शेवटी लिनियसनं एकेबर्ग नावाच्या कप्तानाला युक्ती सांगितली: चीनचा किनारा सोडतानाच बिया मातीत पेरा, वाटेत उगवू द्या. १७६३ मध्ये एकेबर्गनं जिवंत रोपं स्वीडनला आणली, आणि त्याच्या बायकोनं गाडीत ती मांडीवर धरून उपसालापर्यंत पोचवली. लिनियसच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पण उपसालाचे हिवाळे रोपांच्या अंगाला मानवले नाहीत. ती झुरत गेली आणि काही वर्षांत संपली. देशाची चांदी होती तशी वाहत राहिली.

हे नुसतं रोपांचं नुकसान होतं. माणसांचंही झालं. नवी झाडं आणायला लिनियसनं आपले लाडके विद्यार्थी जगभर पाठवले. चहा आणायला निघालेला पहिला, टार्नस्ट्रोम, १७४६ साली चीनला पोचण्याआधीच व्हिएतनामजवळच्या एका बेटावर तापानं गेला. मागे बायको आणि मुलं. त्या बाईनं लिनियसला दोष दिला, आणि पुढे त्यानं शक्यतो अविवाहित तरुणच पाठवले. हासेलक्विस्ट तिसाव्या वर्षी तुर्कस्तानात गेला, लोफलिंग सत्ताविसाव्या वर्षी व्हेनेझुएलात, फोर्सकोल येमेनमध्ये. त्याच्या हाताखाली शिकलेला कोनिग तर आपल्याकडे आला, तंजावरजवळच्या डॅनिश वसाहतीत. तो १७८५ मध्ये भारतातच वारला. दक्षिणेची रोपं उत्तरेच्या थंडीत गेली आणि उत्तरेची पोरं दक्षिणेच्या तापात. या वहीची दोन्ही पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. लिनियसनं मेलेल्या शिष्यांच्या नावानं झाडांना नावं दिली. त्यानं दुसरं काय करावं?

नावांच्या वहीत मात्र त्याचा हात कुणी धरला नाही. १७५३ साली स्पीशिज प्लॅन्टॅरम हा ग्रंथ निघाला. त्यात सुमारे सहा हजार वनस्पती, प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव. आधी एकेका झाडाचं नाव म्हणजे पाच-सात शब्दांचं लॅटिन वाक्य असे. लिनियसनं खातेनंबर दिला म्हणा ना. आपल्याकडच्या झाडांसाठी त्याचा मोठा आधार होता अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेल्या हॉर्टस मलबारिकस या बारा खंडांचा. कोचीनच्या डच गव्हर्नर व्हान रीडनं करवून घेतलेल्या या कामात इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते, गोव्याकडून कोचीनला गेलेल्या समाजातले. त्या तिघांची साक्ष त्या ग्रंथात देवनागरी अक्षरांत छापली आहे. म्हणजे लिन. या सहीच्या मागे आपल्या माणसांच्याही सह्या आहेत. त्या दिसत नाहीत इतकंच. आणि हो, तुळशीची नोंद या चोख माणसानं दोनदा केली! १७५३ मध्ये ऑसिमम टेन्युइफ्लोरम, म्हणजे नाजूक फुलांची, आणि १७६७ मध्ये सॅन्क्टम, म्हणजे पवित्र. एकाच खातेदाराची दोन पासबुकं. आज शास्त्रज्ञ पहिलं नाव ग्राह्य धरतात. पण दुसऱ्यावर आपला जीव बसला आहे.

१७५८ मध्ये त्यानं उपसालाजवळ हॅमरबी इथे शेतवाडी घेतली. उन्हाळ्यात कुटुंब तिथे असे. तिथेच त्याच्या थोरल्या लेकीनं, एलिझाबेथ क्रिस्टिनानं, संध्याकाळच्या अंधुक उजेडात नॅस्टरशियमची फुलं लुकलुकल्यासारखी दिसतात हे टिपलं. १७६२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचं ते टिपण विज्ञान अकादमीनं छापलं. १७६६ मध्ये उपसालाला आग लागली. तिच्या धास्तीनं लिनियसनं आपले सुकवलेले नमुने हॅमरबीच्या टेकडीवर एका दगडी खोलीत हलवले. त्या खोलीत त्यानं शेगडी ठेवली नाही. जन्मभर झाडांसाठी ऊब जमवणाऱ्या माणसानं शेवटी आपला सगळ्यांत मोलाचा ठेवा थंडीच्या स्वाधीन केला. वाळलेल्या झाडांना तीच मानवते.

हॅमरबीला त्यानं सायबेरियातून आलेलं बी लावलं होतं. काच नाही, शेगडी नाही, लाड नाहीत. त्यातल्या एका पिवळ्या फुलांच्या जातीनं, कॉरिडॅलिस नोबिलिसनं, तिथे असं बस्तान बसवलं की अडीचशे वर्षांनंतरही ती दर वसंतात तिथे आपणहून उगवते. थंडीत वाढलेल्या झाडाला थंडीची सवय लावावी लागली नाही.

१७७४ मध्ये लिनियसला झटका आला, १७७६ मध्ये आणखी एक. ज्यानं हजारो नावं दिली त्याला अखेर आपलं नावही आठवेना. १० जानेवारी १७७८ रोजी, ऐन हिवाळ्यात, तो गेला. मुलगा गादीवर आला, पण तोही १७८३ मध्ये वारला. मग सारा एलिझाबेथनं ते नमुने आणि पुस्तकं एका इंग्रज तरुणाला विकली. आज ती लंडनमध्ये आहेत. नदीकाठची ती सखल, ओलसर बाग मागे पडली. राजानं १७८७ मध्ये किल्ल्याजवळची जागा दिली आणि तिथे झाडांसाठी नवं घर उभं राहिलं. १८०७ मध्ये, लिनियसच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, ते उघडलं. जुनी बाग विसाव्या शतकात १७४५ च्या आराखड्याबरहुकूम पुन्हा मांडली गेली.

नव्या घरात जुन्या घरातून काही लॉरेल आणले होते. लॉरेल म्हणजे ज्याची पानं युरोपात आपल्या तमालपत्रासारखी रश्श्यात टाकतात ते. लिनियसच्या वेळची ती चार झाडं अजून तिथे आहेत. एवढ्या वर्षांत त्यांना उपसालाच्या थंडीची सवय झाली का? मुळीच नाही. एक हिवाळा बाहेर ठेवली तर जातील. ती जगली याचं कारण फार साधं आहे. अडीचशे वर्षं कुणी ना कुणी माळी दर शरदात त्यांना आत नेतो आणि ऊन आलं की बाहेर आणतो.

आता त्या डालड्याच्या डब्याची गोष्ट.

सिमल्याला आमच्या शाखेतल्या वयस्क शिपायानं ऑक्टोबरातच आईला बजावलं होतं की पाला पडायच्या आत तुळस घरात घ्या. तिकडे दहिवराला पाला म्हणतात. आईनं डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत आणला, दुपारचं ऊन येईल तिथे, बुखारीपासून दोन हात लांब. तुळशीचं लग्नही तिथेच लागलं. पुढे पानं गळाली, नुसत्या काड्या उरल्या. आईनं पाणी जवळजवळ बंद केलं. आठवड्यातून एकदा ओंजळभर. मी दोनदा म्हटलं की मेली ती, टाकून देऊ. आईनं ऐकलं नाही. चैत्रात त्या काड्यांना मोहरीएवढे हिरवे ठिपके फुटले. लिनियस न वाचता आईला हे सगळं ठाऊक होतं.

मला वाटलं, झाली हिला सवय. दुसऱ्या वर्षी मीच आग्रह धरला की आता डबा बाहेर पडवीतच राहू दे, आडोसा आहे. एका रात्रीत तुळस काळी पडली.

त्याच हिवाळ्याआधी आईनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. दिवाळी झाली की तिला गावी पोचवावं आणि होळीनंतर परत आणावं. मुलगा तीन वर्षांचा होता, हिची नोकरी होती, मला रजा मिळवायची होती. मीही आईला तेच म्हणालो होतो जे तुळशीबद्दल म्हणालो: एक वर्ष काढलंस, आता होईल सवय. आई राहिली. जानेवारीत तिच्या छातीत कफ धरला तो धरलाच. पुढे माझी बदली झाली, तिला गावी नेलं, समुद्राच्या हवेत तिला बरं वाटलं. पण तो दम पुन्हा पहिल्यासारखा भरला नाही. तीन वर्षांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वयच होतं. मीही तसंच धरून चाललो होतो.

परवा त्या चार लॉरेलविषयी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. हिवाळ्यात आत, उन्हाळ्यात बाहेर. एवढीच तर सोय मागितली होती तिनं.

आमच्या गॅलरीत आज तुळस आहे. ठाण्याला थंडी पडून पडून किती पडणार! तरी पौषात रात्री मी कुंडी भिंतीकडे सरकवतो. ही हसते. मी सरकवतो.